आडजूचा तिसरा उतार

१

भरतीची वेळ काढायला पंचांग उघडावं लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता समुद्राला भरती पुरी होते. चतुर्थी असली तर तीन. आमची खाडी आत पडते, पाणी पोचायला उशीर लागतो, म्हणून वर एक तास धरायचा. झाले चार. हा हिशेब मला केसरीनाथ होडीवाल्याने शिकवला, तेव्हा मला त्याची फार गंमत वाटली होती. आता तिथी बघितली की हिशेब आपोआप होतो आणि मी घड्याळाकडे बघतो.

१९८८ साली मी भिवंडीत बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होतो. कामाला चोख, हे माझं मत. तोंडाने फटकळ, हे बायकोचं. दोन्ही खरं आहे. मार्गशीर्षात साहेबांनी एक फाईल पुढ्यात टाकली. खारबावच्या पुढे खाडीत एक बेट आहे, आडजू. लांबट, अरुंद, गावाच्या शेतांना आडवं पडलेलं. ते आहे म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. बेटावर पंधरावीस घरं, आणि पलीकडच्या अंगाला लांबच लांब वाळूची पुळण. तिथे सरकारी धक्का बांधायचा होता. लोकांना उतरता यावं, पुळणीवर जाता यावं, म्हणून. बेटावर होडी लावायला तीन उतार आहेत. त्यातला सगळ्यात चांगला निवडा आणि आठ दिवसांत अहवाल द्या, एवढंच काम.

"एवढ्यासाठी ओव्हरसीअर कशाला हवा?" मी म्हणालो. "कुणीही जाऊन सांगेल." साहेब म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला पाठवतोय, सुधीरराव." मी त्यावर हसलोसुद्धा.

२

सोमवारी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. केसरीनाथ पन्नाशीचा, बेटावरचाच. होडीत त्याच्या पायाशी एक टोपली होती, कालवांच्या शिंपल्यांनी भरलेली. पहिल्या उतारावर होडी लागली तेव्हा त्याने टोपली पुढे केली.

"एक घ्या साहेब, आनि त्या मडक्यात टाका."

उतारावर एक लाकडी खांब होता आणि त्याच्या बुडाशी जमिनीत अर्धं पुरलेलं मडकं. रीत अशी, की बेटावर उतरताना माणसाने आपली एक शिंपली मडक्यात टाकायची आणि जाताना उचलून टोपलीत परत टाकायची. भरती चढायच्या आत केसरीनाथ मडकं बघतो. आत शिंपली असली म्हणजे कुणीतरी अजून बेटावर आहे, चिखलात अडकलंय, त्याला हाका मारायच्या. चिखलात माणसं गेलेली आहेत तिथे. गेल्याच वर्षी एक बाळंतीण होडीची वाट बघत चिखलात बसून राहिली होती.

"आनि ज्या उतारावं उतरलाव, त्याच उतारावनं होडीत चढायचं. न्हायतर घोळ हुतो."

मला ही रीत आवडली. आमच्या ऑफिसच्या हजेरीबुकापेक्षा बरी. मी शिंपली टाकली, पायजमा वर केला आणि गुडघाभर चिखलातून शिव्या देत वर चढलो. पहिला उतार बाद, हे तिथल्या तिथे ठरवलं.

दुसरा उतार वडाखाली. तिथे वाट बरी, पण पाणी उथळ. ओहोटीला होडी शंभर पावलं लांब राहणार. तोही बाद.

"तिसरा कुठंय?" मी वडाखाली बसलेल्या एका म्हातारीला विचारलं. ती केसरीनाथची मोठी बहीण, आक्का. कोयत्याने कालवं फोडत होती. तिने हात थांबवला नाही.

"हाय उत्तरंला. पन तय कोन उतरत न्हाय."

"का?"

"न्हाय उतरत."

हे असलं उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हटलं, आजी, नाही उतरत म्हणजे काय, साप आहे, खड्डा आहे, काय आहे? ती म्हणाली, "उतरायला लय चांगला हाय," आणि पुढचं कालव फोडलं.

३

खरोखरच चांगला होता. चिखल नावाला नाही. घट्ट पांढरी वाळू, आणि दहा पावलांवर खोल पाणी. ओहोटीतसुद्धा मोठी लाँच लागली असती. वर चढायला इतका सोपा उंचवटा, की आमच्या इंजिनीअरने आखूनसुद्धा तसा झाला नसता. मी टेप लावली, बांबू रोवून खोली घेतली, वहीत आकडे लिहिले. मन प्रसन्न झालं. एवढी चांगली जागा हे लोक कुठल्यातरी खुळापायी सोडून देतात आणि बाळंतिणी चिखलात बसवतात!

तिथेही खांब होता, आणि खांबाशी मडकं. मी सवयीने आत डोकावलो. शिंपल्या होत्या. मोजल्या, सतरा. काही इतक्या जुन्या, की हात लावला तर भुगा पडेल. वरच्या तीनचार मात्र ओल्या होत्या. जिथे कुणी उतरत नाही तिथे ओल्या शिंपल्या कशा, हे मनात आलं. पण मग म्हटलं, गावकऱ्यांचं बोलणं ते. चोरून मासे मारायला येत असेल कुणीतरी, आणि सरकारी माणसाला सांगायचं, कोन उतरत न्हाय. मी वहीत लिहिलं: 'वापर आहे. सतरा.'

एवढ्यात केसरीनाथची हाळी आली. भरती पुरी होत होती. होडी घेऊन तो माझ्या शोधात किनाऱ्याकिनाऱ्याने आला होता, पण लांबच थांबला.

"साहेब, हिकडं या! पयल्या उतारावं!"

परत दीड मैल चालून पुन्हा तो चिखल? मी ओरडलो, "होडी इथेच आण! मी इथूनच चढणार."

"तुमची शिंपली तिकडं हाय!"

"अरे, शिंपलीच पाहिजे ना? इथे ढीग पडलाय. इथली एक घेतो!"

सरकारी माणसाशी भांडण करणं त्याला परवडणारं नव्हतं, धक्का त्यालाही हवा होता. शेवटी त्याने होडी आणली. मी वरची एक शिंपली उचलली. मोठी, आतून गुलाबी, देखणी. होडीत बसून ती टोपलीत टाकायला गेलो तर त्याने टोपली मागे ओढली.

"माझ्या टोपलीत नको ती. पान्यात टाका."

"पाण्यात कशाला? माझ्या मुलीला होईल."

होडी वल्हवताना तो घामाघूम झाला होता. येताना आम्ही दोघंच होतो, जातानाही दोघंच. तरी होडी काठापर्यंत पाण्यात बुडून चालली होती.

४

माझी मुलगी गोदू तेव्हा सात वर्षांची होती. माझ्या आईचं नाव ठेवलं होतं, गोदावरी. शाळेत तिला सगळे आजीबाई म्हणून चिडवायचे. मी शिंपली तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, "ही गोदूची." तिने ती कंपासपेटीत ठेवली आणि विचारलं, "बाबा, मला न्याल बेटावर?" मी म्हटलं, "रविवारी बघू." माझी सगळी वचनं अशीच असायची, रविवारी बघू.

मंगळवारी अहवाल दिला. तिसरा उतार सर्वोत्तम. साडेसहाला घरी आलो. गोदू म्हणाली, "बाबा, दुपारची गोष्ट पुरी करा ना."

"कुठली गोष्ट?"

"अर्धी सांगून गेलात ती. होडीतल्या माणसांची."

मी म्हटलं, गोदे, स्वप्न पडलं असेल तुला. माझी बायको सरोजिनी दुपारच्या शाळेत शिकवायची, बाराला जायची आणि सहाला परतायची. गोदू सकाळच्या शाळेतून यायची, किल्ली गळ्यात, आणि खालच्या मजल्यावरच्या माईंच्या नजरेखाली दुपार काढायची. एकटं पोर, मनाला येईल ते बघतं. मी पेपर उघडला.

बुधवारी तिने गणिताची वही दाखवली. दहाच्या दहा गणितं सोडवलेली, अक्षर माझं. मी सातच्या पोटात एक आडवी रेघ मारतो, ती सवय माझ्या वडिलांची. इथे प्रत्येक साताला रेघ होती.

"कुणी करून दिली?"

"तुम्हीच की. सव्वातीनला आला होतात ना?"

सव्वातीनला मी ऑफिसात होतो, साहेबांसमोर उभा. मला वाटलं, पोरीने माझं अक्षर गिरवलं आणि आता थापा मारते आहे. चांगलंच झापलं मी तिला. तिने ऐकून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाली, "दुपारी तुम्ही रागवत नाही."

गुरुवारी सरोजिनी चिडली. "अहो, पाय पुसून येत जा की! झोपाळ्याखाली पाण्याचं तळं झालं होतं, वर वाळू." मी म्हटलं, मी तर आत्ताच येतोय. ती म्हणाली, "मग कोण, भूत?" आणि दोघंही हसलो.

५

शुक्रवारी भिवंडीत कापडाचे लूम बंद असतात. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लूमचा कारखाना. सहा दिवस रात्रंदिवस खडखड, की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. शुक्रवारी मात्र अशी शांतता पडते की कानांना कसंतरीच होतं.

मी डोकेदुखीचं निमित्त करून ऑफिसातून लवकर निघालो. मनात काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. आमच्या इमारतीच्या जिन्याशी पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. दुसऱ्या मजल्यावर घर. पहिला मजला चढलो आणि वरून आवाज ऐकू आला.

माझा आवाज.

आपला आवाज आपल्याला तसा ओळखता येत नाही म्हणतात. मला आला. पण मी गोदूशी कधीच इतका सावकाश बोललो नव्हतो. "मग होडी लागली," तो आवाज सांगत होता, "आणि एकेक माणूस खाली उतरला. उतरला की उतरला, परत कुणी चढलंच नाही." गोदू विचारत होती, "का पण?" आणि आवाज हसला. ते हसणं प्रेमळ होतं.

मी तीन तीन पायऱ्या टाकत वर गेलो. दार उघडंच होतं. गोदू एकटी झोपाळ्यावर बसली होती, कंपासपेटी मांडीवर. झोपाळा हलत होता, तिचे पाय जमिनीला पोचत नसताना.

"आत्ता कोण होतं इथे?"

"तुम्हीच," ती म्हणाली. "आत्ता तर गेलात. परत का आलात?"

जिना एकच आहे आमचा. त्यावरून मी चढलो होतो, आणि वरून उतरणारं मला कुणी भेटलं नव्हतं. मी पुन्हा बाहेर येऊन पायऱ्या बघितल्या. ओल्या पावलांचे ठसे होते. सगळे वर येणारे.

६

शनिवारी सरोजिनीची शाळा सकाळची. ती दुपारी घरी असणार, म्हणून मी निर्धास्तपणे कामावर गेलो. परतलो तेव्हा ती दारातच उभी, हसऱ्या तोंडाने. लग्नाला दहा वर्षं झाली होती. असं हसून तिने मला दारात घेतलं नव्हतं कधी.

"किती वेळा खाली-वर कराल? आत्ता साडेपाचला चहा घेऊन गेलात ना?"

मी जोडे काढत होतो, तसाच वाकून राहिलो.

"मी काय बोललो?"

"आता माझ्याच तोंडून वदवून घ्यायचंय वाटतं," ती लाजली. "म्हणालात, फार दिवस लागले मला घरी यायला."

मी आत जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मंगळवारी द्वितीया. दोनची पाऊणपट दीड, वर एक; अडीच. बुधवारी तृतीया, सव्वातीन. गुरुवारी चार. शुक्रवारी पंचमी, पावणेपाच. आज साडेपाच. खाडीला दुपारनंतरची भरती पुरी होते तेव्हा तो येतो, आणि रोज पाऊण तास उशिरा. उद्या सप्तमी. संध्याकाळी सव्वासहा. उद्या रविवार, सगळी घरी असणार.

मी मोजमापाचा माणूस. हिशेब चुकला असता तर बरं झालं असतं. तीनदा केला, तीनदा तोच आला.

मी गोदूची कंपासपेटी ओढली आणि शिंपली काढून घेतली. ती किंचाळली, "माझी आहे ती! तुम्हीच म्हणालात, ही गोदूची!" मी तिच्या हातावर फटका मारला. देवा रे, तो फटका. ती रडली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली, आणि मग दाराकडे.

"उद्या मी पहाटे बेटावर जातोय," मी सरोजिनीला म्हटलं. "सव्वासहाला दार उघडू नकोस. मी आलो तरी उघडू नकोस."

"तुम्ही आलात तरी?" ती म्हणाली. "मग उघडू कुणासाठी?"

तिला काय सांगणार होतो मी? सांगायला हवं होतं, वेडा म्हणाली असती तरी. पण मला वाटलं शिंपली परत नेली की संपलं. गोदू अंथरुणातून म्हणाली, "बाबा, उद्या रविवार आहे. मला नेणार होतात." मी म्हटलं, "पुढच्या रविवारी बघू."

७

रविवारी तांबडं फुटायच्या आत स्कूटरने खारबाव गाठलं. पहाटेच्या भरतीवर केसरीनाथने मला पहिल्या उतारावर नेलं. टोपली पुढे केली नाही, मीही मागितली नाही. खांबाशी मडक्यात एकच शिंपली होती, सोमवारची, माझी. ती मी खिशात घातली आणि तिसऱ्या उताराकडे पळत सुटलो.

तिथे आक्का आधीच येऊन बसली होती, मडक्यापासून लांब. मी गुलाबी शिंपली बाहेर काढली.

"टाकू?"

"घरी कोनाला दिलीव काय ती?" तिने विचारलं. "कोनाच्या हातात?"

आता इतकं सरळ विचारल्यावर सरळ सांगायला काय झालं होतं? पण एका अडाणी म्हातारीपुढे चूक कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "नाही. खिशातच होती."

"मंग टाका."

मी टाकली. आतल्या पुन्हा मोजल्या. सतरा. जीव भांड्यात पडला. परत पहिल्या उतारावर आलो तर पाणी निघून गेलं होतं आणि होडी चिखलात कुशीवर पडली होती.

"आता सांजच्यालाच," केसरीनाथ म्हणाला. "सप्तमीचं भांगाचं पानी, जोर न्हाय त्याला. भरती पुरी झाल्याबिगर होडी हलायची न्हाय."

"किती वाजता?"

"तुमाला येतो की हिसाब."

८

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. ऊन वर चढलं, उतरलं. चिखलातून खेकडे निघाले आणि पुन्हा आत गेले. उत्तरेला तिसऱ्या उताराशी भर ओहोटीतही निळं खोल पाणी दिसत होतं. मीच निवडलेला उतार. होडी तिथे असती तर मी दहालाच निघालो असतो.

चारच्या सुमाराला मला बसवेना. मी वडाखाली आक्कापाशी गेलो.

"आक्का," मी म्हटलं, "मी खोटं बोललो. मुलीला दिली होती ती. सात वर्षांची आहे. हातावर ठेवली आणि म्हटलं, ही गोदूची."

तिचा कोयता थांबला. पहिल्यांदाच थांबला.

"नाव घेऊन?"

"हो."

"शिंपली नाव घेऊन ज्याला दिली, त्याची झाली," ती म्हणाली. "तुमी परत आनलीव ती निस्ती शिंपली." तिने कालवांची टोपली उचलली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

मी चिखलातून होडीकडे धावलो. कमरेपर्यंत रुतलो, केसरीनाथने दोर टाकून मला बाहेर ओढलं. मग होडीत बसून पाण्याकडे बघत राहिलो. पाणी बोट बोट सरकत होतं. पाच वाजले, साडेपाच झाले. मी त्याला ओरडून शिव्या देत होतो, पाण्याला; लवकर ये म्हणून. आणि आतून हेही कळत होतं, की ते पुरं भरू नये. ते भरेल तेव्हाच माझ्या दाराशी कुणीतरी उभं राहील.

सव्वासहाला होडी चिखलातून सुटली.

९

आठ वाजता घरी पोचलो. सरोजिनी कुकर लावत होती. माझ्या अंगावरच्या चिखलाकडे बघून म्हणाली, "अगबाई, हे काय? पडलात की काय? आणि गोदू कुठंय?"

मी भिंतीला टेकलो.

"दार उघडलंस तू?"

"उघडलं, म्हणजे? तुम्ही आलात. कालचं बोलणं विसरा म्हणालात, डोकं दुखत होतं. गोदूला म्हणालात, चल, रविवार आहे, कबूल केलं होतं ना. केवढी नाचली! पिवळा फ्रॉक घातला. मी म्हटलं, तिची शिंपली तुम्ही घेतलीत. तर म्हणालात, तिथे तिच्यासाठी दुसरी आहे." मग तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिच्या हातून पातेलं पडलं.

पोलीस झाले, चौकशी झाली. सरोजिनी शपथेवर सांगे की हेच तिला घेऊन गेले. केसरीनाथ शपथेवर सांगे की साहेब दिवसभर माझ्यासमोर होते. त्याच्यामुळे मी सुटलो. ती स्वतःपासून सुटली नाही. तिने स्वतःच्या हाताने दार उघडलं होतं.

बुधवारी मी तिसऱ्या उतारावर गेलो. मडक्यात अठरा शिंपल्या होत्या. अठरावी सगळ्यांच्या वर होती, ओली, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. ती उचलायला हात घातला आणि मागे घेतला. शिंपली उचलली की कुणीतरी घरी येतं, हे मला आता माहीत होतं. कोण येतं, हे माहीत नव्हतं.

१०

आज १९९७ साल आहे. धक्का माझ्या अहवालाप्रमाणे तिसऱ्या उतारावरच झाला. सोय उत्तम आहे, रविवारी भिवंडी-ठाण्याहून लोक येतात, पोरं पुळणीवर खेळतात. मडकं कठड्याच्या आत तसंच आहे. मी दरवर्षी जाऊन मोजतो. यंदा एकेचाळीस होत्या. धक्का हलवा म्हणून मी कितीतरी अर्ज केले. कारण लिहा, म्हणतात. कारण काय लिहू?

नऊ वर्षं सरोजिनी एकच म्हणत आली. "घेऊन या. कोणी का येईना, घेऊन या." मी नाही म्हणायचो. भांडायचो, ओरडायचो, माझा स्वभाव कुठे जातो? गेल्या आठवड्यात तिने बाजारातून एक पंजाबी ड्रेस आणला, सोळा वर्षांच्या मुलीच्या मापाचा, आणि पेटीतून सातव्या वाढदिवसाचा निळा फ्रॉक काढून शेजारी ठेवला. दोन्हींना इस्त्री केली. "कुठलातरी होईल तिला," म्हणाली. तेव्हा माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

काल तृतीयेला गेलो. तिसऱ्या उतारावरच उतरलो. माझी शिंपली मडक्यात टाकली आणि जाताना तिची उचलली. माझी तिथेच राहिली आहे. केसरीनाथ म्हातारा झालाय, त्याने मान फिरवली आणि टोपली मागे ओढली. येताना होडी जड नव्हती, किंचितच पाण्यात बसली होती. सात वर्षांच्या मुलीएवढी. किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं.

आज शुक्रवार, चतुर्थी. लूम बंद आहेत. घड्याळात चार वाजायला दोन मिनिटं आहेत.

सरोजिनी दाराशी स्टूल घेऊन बसली आहे, दोन्ही कपडे मांडीवर. शिंपली मी टेबलावर ठेवली आहे, कुणाच्या हातात दिलेली नाही. खाली माईंच्या दारावरून पावलं आली. ओल्या पायांची, फरशीला चिकटत सुटणारी. पहिला मजला झाला. मी मोजतो आहे, मला दुसरं येतं काय? गोदू एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढायची.

ही पावलं तशीच येताहेत. पण त्यांच्या मागून आणखी येताहेत.

"आली," सरोजिनी म्हणाली, आणि कडीला हात घातला.